हसनचाचांची बर्फगाडी

भर मे महिन्यात, भिवंडीचं डांबर चपलेला चिकटत असताना, "बर्फात गाडी का रुतते, सांग!" असं रस्त्यात अडवून विचारणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच. आमच्या समोरच्या लूम कारखान्याचे मालक, हसनचाचा. त्यांनी आयुष्यात पाहिलेला बर्फ म्हणजे मच्छीवालीच्या टोपलीतला.

उत्तरासाठी ते थांबत नसत. "वजन! वजन पसरलं की बुडत न्हाय. बस्स!"

मग बर्फावरच्या गाड्यांचा इतिहास सुरू. "आधी लोकांनी मोटारीची पुढची चाकं काढून फळ्या ठोकल्या. मग कुणीतरी मागं विमानाचा पंखा लावला. पंखा! मागं बकरी आली तर? मग पट्ट्यावर चालणारी मोठी गाडी आली, अख्खी वरात बसेल एवढी. पुढं इंजिन हलकं झालं, पट्टा रबराचा झाला, तेव्हा कुठं स्कूटरएवढी गाडी निघाली. सगळी करामत पट्ट्याची, पाटील! आणि आपला लूम कशावर चालतो? पट्ट्यावर!"

एकदा आमच्या घरी माझे सासरे खुर्चीसकट कोसळले. सगळे पाणी आणायला धावले. चाचांनी खुर्चीचे पाय तपासून निकाल दिला, "वजन पसरलं न्हाय."

त्या उन्हाळ्यात त्यांनी कारखान्यामागं स्वतःच बर्फगाडी बांधायला घेतली. भंगारातल्या स्कूटरचं इंजिन, लूमचे जुने पट्टे शिवून केलेला एक रुंद पट्टा, पुढं सुताराकडून वाकवून आणलेल्या दोन फळ्या.

"चाचा, बर्फ कुठाय?" मी विचारलं.

"मिळाला. दोस्ताच्या गोडाऊनमागं."

तिथं टाकाऊ कापसाचा डोंगर होता. शुक्रवारी लाइट नव्हती, लूम बंद, त्यामुळं निम्मा मोहल्ला टेम्पोत बसून आला. चाचांनी एवढ्या उन्हात स्वेटर चढवला, माकडटोपी घातली, गॉगल लावला. चाची ओरडल्या, "हाडं मोडली तर मी बघणार न्हाय!" चाचांनी माझ्या हातात डिजिटल कॅमेरा दिला. "मागं सगळं पांढरं यायला पाहिजे. गोडाऊनची भिंत नको."

किक बसली आणि गाडी खरंच निघाली! फळ्या कापसावरून सरकल्या, पट्ट्यानं मागं कापसाचा फवारा उडवला, आम्ही सगळे क्षणात म्हातारे झालो. बकऱ्या पळाल्या. कामगार "चाचा, ब्रेक!" म्हणून बोंबलत मागं धावले. चाचा हात सोडून सलाम करत होते. तेवढ्यात पट्ट्यात कापूस अडकला, गाडी जागेवर थिजली आणि चाचा तसेच पुढं निघून ढिगात शिरले. बाहेर फक्त दोन पाय.

आतून आवाज आला, "फोटो आला का?"

आला होता. हसून हसून माझा हात हलला, तरी आला.

संध्याकाळी आम्ही सायबर कॅफेतून तो पाठवला, आणि शेजारच्या फोनबूथमध्ये शिरल्यावर मला पहिल्यांदा कळलं की तो कुणासाठी होता. चाचांची मुलगी कॅनडात असते, हे मला माहीत होतं. नातीबद्दल ते कधी बोलले नव्हते.

नंबर फिरवता फिरवता म्हणाले, "झोया दहा वर्षांची हाय. मी फोन केला की सलाम करते आणि लगेच आईला देते. पोरीचा काय दोष? मला कधी बघितलंच न्हाय. मग तिची आई बोलली, हिला बर्फावरच्या गाड्यांचं लय वेड हाय. म्हटलं, तेवढं तरी शिकून घेऊ."

फोन लागला. चाचा सावरून उभे राहिले. "झोया? बेटा, फोटो देखा?"

पलीकडून काहीतरी आलं. चाचांनी पट्टा कसा अडकला ते सांगितलं, मग फळ्यांचं, मग विमानाच्या पंख्याचं. पलीकडून प्रश्नामागून प्रश्न येत होते. आईला फोन देण्याची गोष्टच निघाली नाही.

मध्येच चाचांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"ऐक," ते हळूच म्हणाले, "हसतेय."