बाटलीवरचं ब्रेझ

"ब्रिटनी! माझ्या बाटलीवर ब्रिटनी!" फ्रान्सच्या पश्चिम टोकावरच्या गुल्वेन केरमारेकने नव्या लेबलाचा नमुना स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटला. "आपल्या मुलखाचं नाव ब्रेझ आहे. फ्रेंचांनी ब्रेताञ म्हणावं, इंग्रजांनी ब्रिटनी म्हणावं, आणि आपण शेपूट हलवावी? ब्रेझ लिही!"

"अरे, ही सफरचंदाची सायडर इंग्लंडात विकायचीये," त्याची बायको एनोरा म्हणाली. "लेबल इंग्रजीत आहे. इंग्रजीत ब्रिटनीच म्हणतात."

"मग सवय बदला म्हणावं!"

लेबल बदललं. सवय बदलली नाही. इंग्लंडातले दुकानदार फोन करून विचारू लागले, हे ब्रेझ कुठल्या देशात आलं? गुल्वेनला इंग्रजी येत नसल्यामुळे त्याच्या शिव्या एनोरा सभ्य करून पलीकडे पोचवायची. तरी एकेक दुकान गळत गेलं. शेवटी डेव्हनच्या हेझल थॉर्नक्रॉफ्टबाई तेवढ्या उरल्या. त्यांनीही पाठ फिरवली की सफरचंदांची बाग विकायची वेळ येणार होती. शेजारचा डुकरंवाला तिथे शेड ठोकायला टपूनच बसला होता.

दोन वर्षांनी हेझलबाईंचा फोन आला. एनोराने तो ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"शनिवारी येतेय ती. कॅमेरावाला घेऊन."

"येऊ दे की! बघ, वाकली शेवटी!"

"वाकली कसली, लोटांगण घातलंय. म्हणते, तुमचंच खरं. ज्यांचा मुलूख, त्यांचंच नाव. आता अख्खं लेबल तुमच्या ब्रेटन भाषेत करायचं. आणि तू बागेत ब्रेटन बोलतोयस अशी फिल्म काढायची. ती बघून तिचे भागीदार मागणी ठरवणार."

गुल्वेन मटकन खाली बसला. त्याच्या गाडीवर ब्रेझचा काळा-पांढरा झेंडा होता, दंडावर गोंदण होतं, पेला उंचावताना म्हणायचे दोन ब्रेटन शब्द होते. बाकी सगळा संताप फ्रेंचमध्ये.

तो धावत शेजारच्या घरात आईकडे गेला. सोआझ तव्यावर काळ्या गव्हाचं धिरडं उलटत होती.

"आई, मला ब्रेटन शिकव. शनिवारपर्यंत."

उलथनं हवेतच थांबलं. "डोकं फिरलं का तुझं?"

"आपली भाषा आहे ती!"

"आपली? शाळेत तिच्यातला एक शब्द तोंडातून निसटला, तर मास्तर गळ्यात लाकडी बूट अडकवायचा माझ्या. सगळी पोरं हसायची. तेव्हाच ठरवलं, माझ्या लेकरांच्या कानावर ती पडू द्यायची नाही. चांगली फ्रेंच दिली तुला. आता कसली तक्रार?"

"अगं, मी जन्मभर ह्याच भाषेसाठी भांडलो!"

"भांडलास. बोललास कधी?"

एका बाईच्या तोंडातून तिची भाषा काढून घ्यायला सरकारला बंदूक लागली नव्हती. बूट पुरला होता. आणि तिचं पोरगं आता दुकानदारांवर खेकसत होतं.

पण गुल्वेन हार मानणारा नव्हता. रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात. त्याने चार दिवस गाडी फिरवून पाट्याच पाठ केल्या. "इंग्रजांना काय कळतंय?" तो एनोराला म्हणाला. "आवाज खर्जात लावायचा, बस्स."

शनिवारी हेझलबाई उतरल्या. उंच, पिकल्या केसांच्या, पायात चिखलाचे बूट. कॅमेरा सुरू झाला. बाईंनी गुल्वेनचा हात हातात घेतला आणि घडाघडा काहीतरी लांबलचक बोलल्या.

गुल्वेनने छाती फुगवली. सफरचंदांकडे हात केला आणि खर्जात, अस्सल ब्रेटनमध्ये म्हणाला, "गावाचा मध्य. पोहण्याचा तलाव. मोठ्या गाड्यांना बंदी."

हेझलबाईंचं तोंड उघडंच राहिलं.

"वाहनतळ," गुल्वेनने भावुक होऊन शेवट केला.

"गप बस!" एनोरा कुजबुजली. "ती ब्रेटन बोलली रे! तिला येतंय!"

"तुमच्या लेबलाने लाज वाटली मला," हेझलबाई आता फ्रेंचमध्ये म्हणाल्या. "म्हणून दोन वर्षं वर्गाला जातेय. तुम्हाला... येत नाही?"

गुल्वेन एनोराच्या मागे सरकला. बाईंनी कॅमेरावाल्याला खूण केली. "उतरव. ही थट्टा मी भागीदारांना दाखवू शकत नाही." त्या गाडीकडे वळल्या.

तेवढ्यात कुंपणापलीकडून एक वाक्य आलं. खणखणीत ब्रेटनमध्ये. सोआझ. हेझलबाई गर्रकन फिरल्या आणि उत्तरल्या. सोआझ फाटक ढकलून आत आली, पुन्हा काही बोलली, आणि दोघी खो खो हसत सुटल्या. कॅमेरावाल्याने न सांगता कॅमेरा परत खांद्यावर घेतला. सोआझ एकेका झाडाला हात लावत बोलत होती, हातवारे करत होती, मधेच कोणाची तरी नक्कल करत होती. गुल्वेन आईकडे परक्या बाईकडे बघावं तसा बघत राहिला.

गाडी गेल्यावर त्याने भीत भीत आईला विचारलं, "काय म्हणाली?"

"मागणी दुप्पट. फिल्ममध्ये मी राहणार."

"वाचलो! आणि मी?"

"तू शिकणार. दर मंगळवारी, फोनवर. ती शिकवेल. तिची अटच आहे तशी."

"इंग्रज बाईकडून? मी? आई, तूच शिकव की!"

सोआझने एप्रनला हात पुसले. आवाज एकदम बारीक झाला.

"नको रे. माझ्याकडून शिकलास तर गावंढळ बोलशील. ती बघ, शाळेत शिकलीये."

कोणावर ओरडावं, हे गुल्वेनला आयुष्यात पहिल्यांदाच कळेना.