दिगूभावजींचा डबा

सकाळी उठल्यावर माणसं देवाचं नाव घेतात, पेपर शोधतात, नाहीतर चहासाठी बायकोच्या नावानं शंख करतात. आमचे दिगूभावजी मोबाइल बघतात. गॅलरीत उभं राहून, ब्रश तोंडात तसाच ठेवून, टक लावून बघतात. मग एकदम त्यांचा चेहरा उजळतो आणि ते अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असे ओरडतात, "डबो उघडलो!"

एवढं झालं की स्वारी खूश. मग चूळ, मग चहा, मग दिवसभर जगाला शहाणपणा शिकवणं.

दिगंबर परब म्हणजे घोडपदेवच्या आमच्या चाळीतले भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. त्यांची बायको मालन माझी मैत्रीण, म्हणून ते माझे भावजी. ते मालवणकडचे, मी घाटावरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा हा माणूस बोलतोय का भांडतोय, हेच मला कळायचं नाही. आता त्यांची मालवणी मला चांगली समजते, पण मी बोलत नाही. बोलले की ते फिदीफिदी हसतात आणि माझं डोकं फिरतं.

तर हा डबा. भावजी एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचे. रिटायर होताना लोक शाल-नारळ घेऊन घरी येतात, हे भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर मागून घेऊन आले. त्याला पोटमाळ्यावर जागा करायची म्हणून मालनची लग्नातली ट्रंक खाली उतरली. ती ट्रंक आता दारात आहे आणि येणारा-जाणारा तिला ठेचकाळतो. मग भावजींनी चाळीतल्या होत्या-नव्हत्या त्या सगळ्या कॅसेट गोळा केल्या, बारशाच्या, लग्नाच्या, भजनाच्या, गावच्या दशावताराच्या. त्यातला आवाज न् आवाज कॉम्प्युटरवर भरला आणि ज्याला-त्याला मोबाइलवर नाव आणि पासवर्ड करून दिला. चाळ सोडून लांब गेलेल्यांनासुद्धा. कुठेही बसा, उघडा, ऐका. याला म्हणे घरचा म्युझिक सर्व्हर म्हणतात. आणि हा सर्व्हर म्हणे उघड्यावर ठेवायचा नसतो, कंटेनरमध्ये ठेवायचा असतो.

कंटेनर म्हटल्यावर मी बापडी माळ्यावर पत्र्याचा डबा शोधायला लागले. तर तो सॉफ्टवेअरचा. दिसत नाही.

"दिसत नाही तर हवा कशाला?" मी विचारलं.

"वहिनी, फ्रिजात बांगडो उघडो ठेवतास?"

"नाही बाई. दह्याला वास लागतो."

"मगे! ह्या मशिनीवर माझी धा कामां चलतत. एकाचो वास दुसऱ्याक लागता नये. म्हणान डबो. आतला आत, भायला भायर."

हे शेवटचं त्यांचं ब्रीदवाक्य. मुलीच्या सासरी सगळं ठीक ना, असं विचारलं तरी 'आतला आत, भायला भायर'. छातीत दुखतंय का विचारलं तरी तेच. मालन म्हणते, या माणसाच्या पोटात काय चाललंय ते कळायला एक्स-रेच काढायला हवा.

पण 'डबा' या शब्दानं चाळीत भलताच घोळ झाला. तळमजल्यावर नवीन राहायला आलेली एक नोकरीवाली मुलगी एकदा वर आली. "काका, तुम्ही डबा चालू केलाय असं ऐकलं."

"केलंय की!" भावजींची छाती फुगली.

"व्हेज की नॉनव्हेज?"

भावजींनी गंभीरपणे विचार केला. "मिक्स आसा. पण जास्त करून भजनां."

ती मुलगी जिन्यापर्यंत उलटी चालत गेली. मी जाऊन समजावलं, तेव्हा कुठे हसली. आता तिचंही नाव डब्यात आहे.

कॅसेटमधलं प्रत्येक गाणं कुठल्या प्रकारचं, हेही त्यात लिहायचं असतं. तिथे तर भावजींच्या अंगात यायचं. शिर्क्यांच्या मुलीच्या लग्नाच्या कॅसेटपुढे त्यांनी प्रकार लिहिला 'रडारड'. शिर्के भांडायला आले, तर त्यांच्यासमोर ती वाजवून दाखवली आणि शिर्केच रडायला लागले. माझ्या सासूबाईंच्या ओव्या त्यांनी 'भक्ती'त घातल्या होत्या. मी हट्टानं 'टोमणे' असा वेगळा प्रकार काढायला लावला. बाई गेल्या, पण त्या ओव्यांतली सून मीच आहे. मला ठाऊक आहे ना!

एकाच कॅसेटबद्दल भावजी कधी चकार शब्द काढायचे नाहीत. ती होती त्यांच्या स्वतःच्या भजनाची.

भावजी एके काळचे बुवा. पेटीवर बसले आणि तोंड उघडलं की खालच्या रस्त्यावर माणसं थांबायची. आणि पखवाजावर वसंत सावंत, समोरच्या खोलीतले. दोघं एका पाटीवर धुळाक्षरं गिरवलेले. भांडायचे एकमेकांशी आणि जेवायचेही एकमेकांकडे. मग लालबागला एकदा डबलबारी झाली. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, समोरासमोर, माणसांची ही गर्दी. ऐन गजरात भावजींची आणि पखवाजाची सम चुकली. समोरच्या बुवानं तिथल्या तिथे टोमणा हाणला, लोक हसले. आणि आमच्या या शहाण्यानं माइकवरून सांगितलं, "पखवाज ढिलो पडलो."

वसंतभावजींनी सामना संपेपर्यंत वाजवलं, पखवाजाला गवसणी घातली आणि निघून गेले. पुढे ते डोंबिवलीला राहायला गेले, ते न सांगता. तेव्हापासून बोलणं बंद. एक मोडेन पण वाकणार नाही, दुसरा वाकेन पण आधी तू वाक. भावजींनी पेटी कॉटखाली सारली, ती पुन्हा बाहेर काढली नाही.

अशात एके दिवशी त्या डब्याची नवीन आवृत्ती आली. नवीन आली की म्हणे जुना डबा टाकून द्यायचा आणि नवा लावायचा. जे राखायचं ते आधीपासून डब्याबाहेर ठेवलेलं असायला हवं आणि डब्याला नुसतं जोडलेलं. भावजींनी आम्हाला चहा प्यायला लावून, समारंभपूर्वक जुना डबा टाकला. नवा उघडला. आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं? गाणी गेली?" मालन ओरडली.

"गाणी आसत," ते म्हणाले. "गाणी भायर होती, ती ऱ्हवली. माणसां आत होती. ती गेली."

म्हणजे सगळ्यांची नावं, पासवर्ड, कोण कधी काय ऐकतो त्याची नोंद, सगळं त्या जुन्या डब्यात होतं आणि त्याच्याबरोबर साफ झालं. आता मला सांगा, यात आभाळ कोसळण्यासारखं काय आहे? चाळ चालत आली. भावजींनी नवीन पासवर्ड करून दिले. लांबच्यांनी फोन केले, त्यांनाही दिले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत आरोळी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. माणूस मोबाइल बघतोय, बघतोय, आणि ब्रश तोंडातच सुकतोय.

मला राहवेना. मालन माझ्याकडेच भाजी निवडत बसली होती, तिच्यासमोरच मी त्यांना धरलं. "भावजी, डबा तर चालू आहे. मग ओरडत का नाही?"

"चालू आसा, पण जो उघडायचो तेना उघडूक नाय."

"मग कोण उघडायचं?"

मी मनात म्हटलं, आता येणार, आतला आत. पण नाही आलं. "रेखाच्या नावार," ते म्हणाले.

रेखा म्हणजे वसंतभावजींची बायको. मालनच्या हळदीकुंकवाला आली होती, तेव्हा मोबाइल पुढे करून म्हणाली होती, मलाही द्या डबा. भावजींनी मान वर न करता दिला होता. आणि नंतर रोज सकाळी त्या नावावर एकच कॅसेट लागायची. लालबागची डबलबारी. रेखाला भजनाचं एवढं वेड कधी नव्हतं. कोण काय ऐकतंय ते चालवणाऱ्याला दिसतं. 'डबो उघडलो' म्हणजे तिकडे डोंबिवलीत वसंता उठला, बसला, ऐकायला लागला. इतकी वर्षं हा माणूस आम्हाला रोज ओरडून हेच सांगत होता आणि आम्ही मेल्या बायका त्याला वेडा म्हणत होतो.

"अहो, मग रेखाला मी फोन करते," मालन म्हणाली.

"नको! तेका कळात, मी बघत होतंय ता. मगे उघडूचोच नाय."

"नाही केला तर?"

"तर तेका वाटात, दिग्यान माका काढून टाकल्यान." त्यांनी मोबाइल बनियनला पुसला. "परत एकदा. चारचौघांत."

मग त्यांनी मोबाइलवर ती कॅसेट लावली. गजर चढत चाललेला, टाळांचा कल्लोळ, पखवाज घुमतोय, आणि त्यात भावजींचा तरणा आवाज. एका जागी त्यांनी बोट वर केलं. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तेवढं मलाही कळलं. पखवाज जागेवर होता. आवाज आधीच उडी मारून पुढे गेला होता.

"ऐकलास? घाई मिया केलंय. वसंतो बरोबर होतो. कॅसेट भरताना पयल्यांदा नीट ऐकलंय."

"मग सांगितलं का नाही त्याला?"

"कसा सांगू? म्हणान तर डब्यात ठेवलंय. कापूक नाय, पुसूक नाय. ऐकात आणि समजात."

मला इतका राग आला आणि इतकं भरून आलं, की मी त्यांच्यावर ओरडलेच. म्हटलं, एवढं सगळं करण्यापेक्षा एक फोन केला असता तर हात झडले असते का? मालन म्हणाली, सुमन, गप गं. भावजींनी मुकाट्यानं फोन काढला, नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. असं त्यांनी पुढे किती वेळा केलं, ते तेच जाणोत.

आणि एका सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत असताना त्यांचाच फोन वाजला. भावजी फोन नेहमी स्पीकरवरच घेतात. हातात ब्रश असतो, दुसरं काय करणार.

"दिग्या?"

भावजींच्या हातातला ब्रश खाली पडला. मालन दारात येऊन उभी राहिली.

"दिग्या, तुझो डबो बंद पडलो काय रे? कितके दिस झाले, पासवर्ड चुकीचो म्हणून सांगता."

भावजींनी दोन्ही हातांनी फोन धरला. मग म्हणाले, "नाय रे. डबो चालू आसा. माझा चुकला, वसंता. माझाच चुकला."

मला वाटलं, आता ते फोन ठेवणार.

"ता माका ठावक आसा," वसंतभावजी म्हणाले. "रोज सकाळी ऐकतंय मां."

मालननं पदर तोंडाला लावला. मी ओला टॉवेल हातात घेऊन तशीच उभी. भावजी त्या लग्नाच्या ट्रंकेवर मटकन बसले. मग नाक पुसलं आणि घाईघाईनं नवीन पासवर्ड सांगायला लागले. दोन अक्षरं सांगितली, तिसरं विसरले, पुन्हा पहिलं सांगितलं.

"सावकास सांग रे," पलीकडून आवाज आला. "घाई करतंस, म्हणान चुकतंस."

भावजींनी मान डोलावली आणि पहिल्यापासून, एकेक अक्षर, सावकाश सांगायला सुरुवात केली.