दुखूलाहे की? बेश, बेश!

तुम्हाला लागलं, खरचटलं, भाजलं, की आजूबाजूची माणसं हळहळतात. आमच्या शेजारचे वेंकूमामा खूश होतात. नारळ खवताना माझं बोट कापलं, तर कुंपणापलीकडून चष्मा सावरत आले, सुजलेलं बोट उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "दुखूलाहे की?"

"फार ठणकतंय हो मामा."

"बेश, बेश!"

वेंकूमामा वैद्यकीय कॉलेजात पॅथॉलॉजी शिकवायचे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघण्यात सगळा जन्म गेला, त्यामुळे माणूस त्यांना जरा मोठ्या आकारातच दिसतो. जखमेभोवती लाली, सूज, उष्णता आणि ठणका आला, की ते समाधानाने मान डोलावतात. म्हणतात, "वऱ्हाड पोचलं. आतां कार्य नीट होईल." वऱ्हाड म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी. इजा झाल्याचा सांगावा गेला, की त्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून अंग चोरून बाहेर पडतात आणि जंतूंवर तुटून पडतात.

आमच्या गल्लीत कापलं की जखमेवर कॉफीची पूड दाबायची पद्धत आहे. तंजावरच्या मराठी घरांत निम्म्या दुखण्यांवर कॉफी पितात आणि उरलेल्यांवर ती लावतात. मामा भडकतात. "अय्यो, ते फिल्टरांत घाल! त्या बिचाऱ्या कामाला लागल्यात, त्यांच्या तोंडावर माती कां टाकतेस?" खपली काढणाऱ्याच्या हातावर तर ते खरोखर चापट मारतात. एका लग्नाच्या पंगतीत कोणाच्या तरी गळवाचा विषय निघाला आणि 'पू' म्हणताच एकानं नाक मुरडलं. मामा पायसमचा द्रोण खाली ठेवून कडाडले, "नाक मुरडूं नको! आपल्यासाठी लढून मेलेल्या पेशी त्या!" तेव्हापासून लग्नघरची माणसं त्यांना पंगतीच्या अगदी टोकाला बसवतात.

मामी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा मेलबर्नला आहे. घरी मामा आणि एक जुना सूक्ष्मदर्शक. मी पुण्यात नोकरी करून आईसाठी इकडे तंजावरला परत आले, तेव्हा या गृहस्थांशी जपूनच बोलायचं असं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

माझ्या आईला साखरेचा आजार आहे, आणि नवस बोलायची हौसही आहे. गेल्या वैशाखात तिनं भर उन्हात देवळात प्रदक्षिणा घातल्या. फरशी अशी तापली होती, की बाकीचे भक्त सावलीतून सावलीत उड्या मारत होते. आई मात्र गालिच्यावरून चालावं तशी शांतपणे चालत होती. बातमी गल्लीभर झाली. देवानं तिचे पाय ओंजळीत धरले म्हणे! दुसऱ्या दिवशी समोरच्या कमलाबाई नमस्काराला वाकल्या आणि किंचाळल्या. आईच्या उजव्या तळव्याला मोठाले फोड आले होते आणि एक फुटून जमिनीवर ओल पसरली होती.

मी मामांना हाक मारली. ते नेहमीच्या उत्साहाने आले.

"दुखूलाहे की, अक्का?"

"काडीचंही नाही रे वेंकू. देवाची कृपा."

मामा "बेश" म्हणाले नाहीत. ते तसेच खाली बसले. कापसाच्या बोळ्यानं आईच्या तळव्याला हळूहळू स्पर्श करत विचारू लागले. इथं? नाही. इथं? नाही.

"अक्का, ही कृपा नव्हे," ते म्हणाले. "साखरेनं पायाच्या नसा मेल्यात. वर्दी देणारंच कोणी राहिलं नाही."

संध्याकाळी ते स्वतः आम्हाला सर्जनकडे घेऊन गेले. जखम आत उतरली तर पाऊल काढावं लागेल, असं सर्जननं स्पष्ट सांगितलं. मी फार घाबरले होते.

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज सकाळी कॉफीच्या वेळेला ड्रेसिंगचं सामान घेऊन हजर. आईनं पाय टेकला की ओरडायचे. बाकी बोलायचे ते थेट जखमेशी. "या, या, बायांनो, रुसूं नका." आई मला डोळ्यांनी खुणावायची, की हा आता पुरता गेला. मला हसू येत नव्हतं. जखम फिकट, मेणचट होती आणि दिवसेंदिवस तशीच राहत होती.

मग एका सकाळी बाहेरच्या कट्ट्यावरून अशी आरोळी आली, की मी सांबारातला डाव घेऊनच धावले. जखमेच्या तळाशी लालभडक, दाणेदार मांस दिसत होतं. "कोंब फुटले!" मामा ओरडले. नव्या रक्तवाहिन्या आल्या होत्या. रक्ताचा एक थेंब लागलेली पट्टी त्यांनी प्रसाद दाखवावा तशी मला दाखवली आणि त्याच हातानं डोळे पुसायला गेले. मी ओरडून थांबवलं.

पाऊल वाचलं. पावसाळ्याच्या अखेरीस जखम पूर्ण भरली. मामांनी शेवटची पट्टी सोडली, सामान आवरलं आणि म्हणाले, "झालं, अक्का. आतां माझं काम नाही." कॉफी न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळेला ते फाटकाशी उभे. आत येईनात, परतही जाईनात. मी विचारलं तर म्हणाले, "आज पेपर आला नाही. तुमचा आलाय की काय बघायला आलों."

पेपर त्यांच्याच काखेत होता. तो मलाही दिसला आणि आईलाही.

आईनं खुर्चीतून डावा पाय पुढे केला. "वेंकू, एकच पाय बघून पळूलास की? दोन्ही रोज बघायचे म्हणून तूच सांगटलास. हा कोण बघणार?"

मामांनी पेपर कट्ट्यावर ठेवला, चष्मा पुसला आणि खाली बसले. आईचा पाय मांडीवर घेऊन त्यांनी बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत सगळा तळवा पाहिला. मी कॉफी आणली, ती गार झाली, तरी ते पाहतच होते. त्या पायाला काहीही झालेलं नव्हतं.