दोरी बांधलेली खुर्ची

सभागृहातल्या पुढच्या खुर्चीचा पाय निखळला, तेव्हा सुतारमामांनी तो तसाच टेकवून ठेवला आणि कोणी बसून आपटू नये म्हणून खुर्चीला आडवी दोरी बांधली. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता दुरुस्ती राहून गेली. मामांची बरीचशी कामं अशीच राहत.

हे प्रार्थनेचं सभागृह त्यांच्या आजोबांच्या पिढीने उभारलेलं. शिंपी, न्हावी, शाळामास्तर अशी साधी माणसं मूर्तीपुढची लोटांगणं आणि पुजाऱ्यांची दादागिरी यांना विटून बाहेर पडली होती. इथे ना मूर्ती, ना पुजारी. नियम एकच, कोणाच्या श्रद्धेला मनाई करायची नाही. त्यापायी आजोबांना भावकीने वाळीत टाकलं होतं, आणि नातवाला त्याचा फार अभिमान होता.

दोरी पाहून नव्या मंडळींना वाटलं, खुर्ची संस्थापकांची असणार. एका बाईंनी तिच्यावर फूल ठेवलं. मग फुलांचा ढीग झाला. लोक लांबच चपला काढू लागले. ती नुसती मोडकी आहे, दोरी मीच बांधलीय, असं मामांनी कंठशोष करून सांगितलं. लोकांनी त्यांच्या नम्रतेचं कौतुक केलं.

शेवटी मामांनी सभा बोलावली आणि खुर्ची हलवा म्हणाले. अध्यक्षबाई पेशाने दाताच्या डॉक्टर, पण कोणाला दुखवणं त्यांच्या जिवावर येई.

"मामा, पटतंय हो मला," त्या म्हणाल्या. "पण मनाई कशी करायची? तुमच्याच आजोबांचा नियम."

आजोबांच्याच नियमाने आजोबांच्या कष्टांवर पाणी पडत होतं. मामांचं रडायचं तेवढं बाकी राहिलं. पुढच्या प्रार्थनेला त्यांनी सगळ्यांदेखत दोरी सोडली आणि खुर्चीत बसून दाखवलं. कमरेचं हाड मोडलं.

आता तर खुर्ची जागृत ठरली. मामा दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडले, ते मामी येईपर्यंत कोणाशी बोलेनात. मामी त्यांच्याहून कडव्या. आयुष्यात त्यांनी कशापुढे हात जोडले नव्हते.

"आता तू एकटीच उरलीस," मामा म्हणाले. "तू तरी सांग त्यांना."

मामी बराच वेळ डब्यातला चमचा पुसत राहिल्या.

"डॉक्टर म्हणाले, पुन्हा चालता येईलच असं नाही. मग काय करणार होते मी? गेले खुर्चीपाशी."

मामांनी डोळे मिटले. "काय मागितलंस?"

"माफी. म्हटलं, मनाने वाईट नाहीत हो हे. नुसते आळशी आहेत."