मालिनीताईंची बातमी

आमच्या गावात ज्याची बातमी महिनाभर कुणी दिली नाही, ते जमीन सोडतं आणि हळूहळू वर तरंगत जातं. आधी बसस्टँडमागची पाण्याची टाकी गेली, मग वाचनालयाच्या दोन पायऱ्या. तेव्हा नगरपालिकेने चौकात वार्ताफलक लावला, खडूचा डबा टांगला आणि नियम केला: बातमी नागरिकाने स्वतः पाहिलेली असावी, स्वतःची स्वतः देऊ नये.

नागरिकांनी मोठ्या उत्साहाने ही जबाबदारी मालिनीताई खटावकरांवर सोपवली. ताई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. बारा वर्षं त्या रोज गावभर हिंडून लिहीत होत्या. 'कुंभारआळीतला नळ गळतो.' 'ओढ्यावरच्या पुलाला नवा कठडा.' 'वसंत डोईफोडे यांनी मिशी काढली.' तो डोईफोडे मी. फलक वाचायचा आणि टपरीवर चहा पीत त्याला नावं ठेवायची, एवढा सहभाग मी नेमाने घेत होतो.

परवा सकाळी पाहतो तर ताई जमिनीपासून वीतभर वर. उजव्या हाताने फलकाची चौकट धरलेली, डाव्या हाताने लिहिणं चालू.

"ताई, तुमचे पाय..."

"हो, आज जरा जास्तच आहे. तो दुसरा खडू पडलाय, द्या बरं."

मी दिला. तो घ्यायला त्यांनी चौकट सोडली आणि त्या शांतपणे उंबराच्या शेंड्यापर्यंत गेल्या. पदर उन्हात हलत होता.

मी नगरपालिकेत धावलो. बागवानसाहेबांनी रजिस्टर उघडलं. "खटावकर यांची बातमी दरमहा शेजारच्या रखमाबाई द्यायच्या. त्या नाशिकला मुलीकडे राहायला गेल्या. महिना काल भरला."

"मग आता?"

"दुसऱ्या नागरिकाने द्यावी." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण नागरिकच ना?"

फलकापुढे खडू धरून उभा राहिलो आणि काही सुचेना. या बाईंनी माझी मिशीसुद्धा सोडली नव्हती, आणि मला त्यांच्याबद्दल एक ओळ येत नव्हती. फार लाज वाटली. शेवटी डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं लिहिलं: 'मालिनीताई डाव्या हाताने लिहितात.'

ताई हातभर खाली आल्या.

ते पाहून फळवाल्या जैतुनबी पुढे झाल्या. त्यांनी लिहिलं, 'ताई पेरू दाबून पाहत नाहीत.' मग टपरीवरचे सगळेच उठले. दुपारपर्यंत फलक भरला आणि ताईंच्या चपला मातीला लागल्या.

त्यांनी पदर नीट केला, माझी ओळ वाचली. "डोईफोडे, वेळ नाही घातलीत."

"नऊ वाजून दहा."

"मग लिहा की. आणि त्या पायऱ्यांचंही बघा."

मी मान वर केली. वाचनालयाच्या पायऱ्या ढगाखाली होत्या, पण दिसत होत्या. तसं लिहिलं. पाचच्या सुमारास त्या जागेवर आल्या, एक किंचित तिरकी.

दिवसभराच्या दमलेल्या ताई त्या तिरक्या पायरीवर टेकल्या. मी फलकाची एक कड पुसली आणि लिहिलं: 'मालिनीताई वाचनालयाच्या पायरीवर बसल्या आहेत. दोन्ही पाय जमिनीवर. वेळ पाच वाजून वीस.'