सासरेबुवांच्या दातांची सहल

"हरवणं हा प्रकार आपल्या घरात आजपासून बंद!" नकाशेवाल्यांनी रविवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं आणि हातातलं यंत्र चहाच्या कपाशेजारी असं ठेवलं, की एखाद्या राजाने लढाई जिंकून तलवार ठेवावी!

यंत्र म्हणजे जीपीएस. मुठीत मावेल एवढं. नकाशा कचेरीत जन्मभर नद्या निळ्या आणि रस्ते तांबडे रंगवून निवृत्त झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेलं. भेट निवडण्यात सहकाऱ्यांनी बराच विचार केला असावा. अख्ख्या मुलखाचे नकाशे काढणारा हा गृहस्थ साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना हमखास झाडूच्या कपाटात शिरायचा, हे साऱ्या कचेरीला ठाऊक होतं.

यंत्रापाठोपाठ खेळही आला. काही हौशी मंडळी डोंगरात, झाडीत, पुलाखाली डबे लपवतात आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतात. बाकीचे जीपीएस घेऊन डबा हुडकतात. सापडला की आतली एक वस्तू घ्यायची, बदल्यात एक ठेवायची. घेतलेली वस्तू पुढच्या डब्यात टाकायची, म्हणजे ती पुढे फिरत राहते. या खेळात खऱ्या नावाने कुणी वावरत नाही. नकाशेवाल्यांनी आपल्यासाठी 'ध्रुवतारा' हे टोपणनाव घेतलं होतं.

"ध्रुवतारा!" बायको म्हणाली. "परवा भाजी आणायला पाठवलं, तर शेजारच्या इमारतीत देऊन आलात!"

"ती इमारत हुबेहूब आपल्यासारखी आहे."

"आणि ती बाई हुबेहूब माझ्यासारखी होती का?"

हा प्रश्न नकाशेवाल्यांनी चहाबरोबर गिळला. "ते जाऊ दे. आज उजाडता उजाडता टेकडीवर जाऊन मी माझा पहिला डबा लपवून आलोय! आत काय काय ठेवलंय माहितेय? भिंग, गोट्या, चावीचं कडं, आणि मुख्य आकर्षण म्हणजे न्हाणीघरातली ती निळी साबणाची डबी! डबा शोधताना माणसाचे हात मळतात. त्याला साबण सापडला तर केवढा दुवा देईल! याला म्हणतात दूरदृष्टी."

बायकोच्या हातातली किटली हवेतच थांबली.

"निळी डबी? फळीवरची? उघडून बघितलीत?"

"उघडायची कशाला? साबणाच्या डबीत साबणच असणार!"

"त्यात बाबांचे दात होते हो!" बायको किंचाळली. "काल त्यांचा काचेचा पेला फुटला, म्हणून मीच त्यांना ती डबी दिली!"

तेवढ्यात सासरेबुवा दारात येऊन उभे राहिले. ओठ आत गेलेले, गाल बसलेले, नाक आणि हनुवटी एकमेकांची खुशाली विचारायला निघालेली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मग ते बोलू लागले. बराच वेळ बोलले. नकाशेवाल्यांना फक्त वारा लागला.

"काय म्हणतायत?"

"तुम्ही गाढव आहात म्हणतायत," बायकोने भाषांतर केलं.

"एवढंच? चांगली पाच मिनिटं बोलत होते!"

"बाकीचं मी गाळलं. माझे वडील असले तरी माझंही लग्न झालंय तुमच्याशी!"

एरवी या प्रकरणावर चार दिवस पातळ खाऊन मात करता आली असती. पण त्याच संध्याकाळी बागेत ज्येष्ठांच्या बँडचा कार्यक्रम होता, आणि त्यात सासरेबुवा क्लॅरिनेटवर एकटे वाजवणार होते! बँडमध्ये इतकी वर्षं काढून पहिल्यांदा एकटे! गेले तीन महिने त्यांनी त्या एका सुरावटीचा असा पाठपुरावा चालवला होता, की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू ती झोपेतही गुणगुणत. क्लॅरिनेट वरच्या दातांनी तोलून धरावी लागते. दात नसले तर ती नुसती चुलीची फुंकणी. शिवाय बँडमास्तरांनी बजावून ठेवलं होतं, की काही गडबड झाली तर तो तुकडा ट्रॉम्बोनवाले वाजवतील. ट्रॉम्बोनवाले तर कधीपासून टपून बसले होते.

"चला!" नकाशेवाले उठले. "आत्ता घेऊन येऊ. जागा मला तोंडपाठ आहे!"

गाडी बायको चालवत होती. घरात तसा कायदाच होता. मागे सासरेबुवा, तोंडावर रुमाल आणि मांडीवर छत्री घेऊन, हद्दपार झालेल्या सम्राटासारखे.

टेकडीवर पोचल्यावर यंत्राने 'आपण इच्छित स्थळी पोहोचला आहात' असं कळवलं. स्थळी एक काटेरी झुडूप होतं. नकाशेवाले त्यात शिरले, ओरखडे घेऊन बाहेर आले, यंत्र हलवून बघितलं, पुन्हा शिरले.

"स्वतः लपवलेला डबा सापडत नाही?" बायको.

"यंत्रात दहा-बारा पावलांची चूक असते! शास्त्र आहे ते!"

"मग शास्त्राची टोपी त्या झाडाला का लटकतेय?"

सकाळी विसरलेली नकाशेवाल्यांची टोपी पलीकडच्या झाडावर डुलत होती आणि तिच्याखालच्या ढोलीत डबा होता. त्यांनी झडप घालून तो उघडला. भिंग होतं, गोट्या होत्या, कडं होतं. निळ्या डबीच्या जागी रबरी बेडूक बसला होता! सोबत चिठ्ठी: 'झकास जागा! निळी डबी घेतली, बेडूक ठेवला. पुढचा मुक्काम पादचारी पूल. – भटका भोपळा.'

सासरेबुवांनी बेडकाकडे पाहिलं, मग जावयाकडे. दोघांत फारसा फरक त्यांना दिसला नसावा.

पुलाकडे जाताना बायकोने नवऱ्याला मोबाइलवर खेळाचं पान उघडायला लावलं. तिथे धुमाकूळ चालला होता! भोपळ्याने डबी उघडली होती. एवढंच नव्हे, तर दातांचा फोटो काढून टाकला होता. टेकडीच्या टोकावरच्या दगडावर सासरेबुवांचे दात, मागे दरी, कोवळं ऊन! खाली अभिप्रायांचा पाऊस. 'काय हास्य आहे!' 'या ध्रुवताऱ्याने कमाल केली!' 'आजवरचा सर्वोत्तम खजिना!'

नकाशेवाल्यांच्या छातीत, नाही म्हटलं तरी, एक गुदगुली झाली. बायकोने ती बरोबर ओळखली. "हसू नका!"

सासरेबुवांनी मागून मोबाइल ओढून घेतला, फोटो बोटांनी मोठा केला आणि काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, टेकडीवर मी स्वतः वीस वर्षांत गेलो नव्हतो."

पुलापाशी यंत्र ओढ्याच्या ऐन मध्यावर बोट दाखवू लागलं. नकाशेवाले बूट काढून आज्ञाधारकपणे पाण्यात उतरले आणि गुडघाभर चिखलात रुतले. बायको काठावरून सूचना देत होती. या गोंधळात सासरेबुवांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ते कठड्याच्या बाजूने शांतपणे चालले, एका मोडक्या पाइपासमोर थबकले, छत्रीचं टोक आत घातलं आणि एक डबा अलगद बाहेर ओढला. मग जी आरोळी ठोकली, तिला भाषांतराची गरज नव्हती! ओठ, हिरड्या, डोळे, सगळं मिळून ते हसत होते. नकाशेवाल्यांनी सासऱ्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. लग्नात तर नव्हतंच.

पण डब्यात निळी डबी नव्हती! नेलकटर होतं. आणि चिठ्ठी: 'डबी घेतली. उघडली. किंचाळले. पण सोडवेना! – टेकडीची राणी.'

पानावर नवे फोटो आले होते. दात पुलाच्या कठड्यावर. दात रानफुलांत. दातांवर कुणाचातरी गॉगल! लोक आता त्यांना 'साहेब' म्हणू लागले होते. आणि सगळ्यांत खाली, 'सातासमुद्रापार' नावाच्या कुणा गृहस्थाचा निरोप: 'उद्या परदेशी निघतोय. आज ते मला मिळाले तर जगभर फिरवीन!'

नकाशेवाल्यांच्या पायांखालचा चिखलसुद्धा सरकला.

"लिहा त्यावर," बायको म्हणाली, "की ते दात आमचे आहेत."

"अगं, पण मग सगळ्यांना कळेल, की ध्रुवताऱ्याने साबण समजून सासऱ्यांचे दात–"

"लिहिता, की बाबांचं न गाळलेलं ऐकवू?"

नकाशेवाल्यांनी मुकाट्याने लिहिलं: 'ते दात माझ्या सासऱ्यांचे आहेत. चूक माझी. आज संध्याकाळी त्यांना बागेत क्लॅरिनेट वाजवायची आहे. कृपया परत द्या.' आणि डोळे मिटून पाठवलं.

राणीचं उत्तर लगेच आलं. 'अरे देवा! मी तर ते बागेतल्या डब्यात ठेवून गावाला निघाले! डबा बँडच्या चौथऱ्याजवळ आहे. पळा!'

हे उत्तर साऱ्यांनीच वाचलं होतं. सातासमुद्रापारनेसुद्धा!

बायकोने गाडी अशी हाणली, की यंत्र 'मार्ग बदलत आहे' एवढंच म्हणत राहिलं. बागेत पाऊल टाकलं आणि तिघंही जागच्या जागी थिजली. एरवी या कार्यक्रमाला वादकांच्या बायका आणि बाकावर झोपायला येणारे एक आजोबा एवढाच श्रोतृवृंद. आज बाग फुलली होती! पण एकही माणूस उभा नव्हता. कुणी खुर्च्यांखाली रांगत होतं, कुणी कुंड्या उचलून बघत होतं. दोघे-तिघे चौथऱ्याखाली घुसले होते, त्यांचे फक्त पाय दिसत होते. वर बँडमास्तर काठी हातात घेऊन भारावून उभे होते.

"रसिक!" ते पुटपुटत होते. "खुर्च्या पुरल्या नाहीत, तर खाली बसलेत बिचारे!"

ट्रॉम्बोनवाल्यांनी एव्हाना क्लॅरिनेटच्या तुकड्याची वही आपल्या स्टँडवर लावली होती. ते बघून सासरेबुवांनी छत्री सरसावली. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. नकाशेवाले यंत्र पुढे करत म्हणाले, "बाबा, हे म्हणतंय ईशान्येला–" सासरेबुवांनी छत्रीनेच ते यंत्र बाजूला सारलं आणि सरळ चौथऱ्याच्या छपरावरून खाली येणाऱ्या पन्हळीकडे चालू लागले. त्याच क्षणी झुडपातून पाठीवर पिशवी लावलेला एक उंच गडीही पन्हळीकडे झेपावला. हाच तो सातासमुद्रापार! त्याचे पाय लांब होते. पण छत्री आणखी लांब होती. तिच्या मुठीने डबा टिपला, झाकण उडालं, आणि निळी डबी थेट सासरेबुवांच्या हातात!

उंच गडी धापा टाकत थांबला. त्याने ते बसलेले गाल पाहिले आणि हात जोडले. "तुम्हीच का ते? आजोबा, तुमचे दात फार फोटोजनिक आहेत हो!"

बँडमास्तरांच्या बायकोने थर्मासमधलं गरम पाणी दिलं. साहेब स्वच्छ आंघोळ करून स्वस्थानी विराजमान झाले. ट्रॉम्बोनवाल्यांनी उसासा सोडून वही परत केली.

आणि मग कुणीही घरी गेलं नाही! दिवसभर ज्यांच्या मागे धावलो, ते दात नेमकं करतात तरी काय, हे सगळ्यांना बघायचं होतं. गुडघ्यांची माती झटकत मंडळी बसली. सासरेबुवांनी क्लॅरिनेट ओठांशी नेली आणि अशी वाजवली, अशी वाजवली, की बाकावरचे आजोबा चक्क जागे झाले! टाळ्या थांबेनात. शिट्ट्या पडल्या. बायकोने डोळे पुसले आणि नवऱ्याच्या चिखलाने भरलेल्या हातावर हात ठेवला.

"आज हरवले ते बरंच झालं," ती म्हणाली. नकाशेवाल्यांनी नम्रपणे मान झुकवली, जणू सगळं आधीपासून असंच ठरवलं होतं.

गर्दी पांगू लागली, तसे बँडमास्तर नकाशेवाल्यांना हळूच पन्हळीमागे घेऊन गेले.

"एवढे श्रोते आमच्या बँडला जन्मात मिळाले नव्हते. पुढच्या महिन्यातही कार्यक्रम आहे. आता तुमच्यापासून काय लपवायचं... आमच्या ट्रॉम्बोनवाल्यांना केसांचा टोप आहे."

"छे, छे!" नकाशेवाले घाईघाईने म्हणाले. "असं कसं? त्यांना काय वाटेल?"

मागून कुणीतरी खांद्यावर थाप मारली. ट्रॉम्बोनवाले उभे होते. डोकं संध्याकाळच्या उन्हात लखलखत होतं आणि टोप, नीट घडी घालून, त्यांनी पुढे केला होता.

"टेकडीवर ठेवा," ते म्हणाले. "आणि फोटो जरा उजव्या बाजूने काढायला सांगा. त्या बाजूने तो जास्त भरदार दिसतो."