ताऱ्याची धुंड

"ह्या होळीला माझा विकास घरी न्हाई आला, तर तांड्यात मिराबाईचं नाव घेऊ नका!" असं मिराबाईने भर दुपारी, लिंबाच्या झाडाखाली, नायक धर्मसिंगला चार माणसांदेखत ठणकावून सांगितलं.

आता तांड्यात मिराबाईचं नाव घेत होतं कोण, हा भाग वेगळा. नवरा कधीचाच गेला होता. एकुलता एक पोरगा तारे शिकायला पुण्याला गेला, तो तिकडचाच झाला. मागे राहिली ती आणि तिची ढवळी शेळी. मिराबाई दिवसभर शेळीशी बोलायची. शेळी उत्तर देत नसे, पण निदान उठून तरी जात नसे.

नाव घेत असे तो एकटा नायक, आणि तेही भांडायला. विकास पुण्याला निघाला त्याच दिवशी नायकाचं गुलाबी पागोटं बाजेवरून गायब झालं होतं.

"तुझ्याच शेळीनं खाल्लं!" नायक म्हणे.

"माझी शेळी तसली न्हाई! शपथेवर सांगते!" मिराबाई म्हणे. एवढ्या वर्षांत दोघांपैकी कोणी एक पाऊल मागे घेतलं नव्हतं.

तर, पोराला आणायची तिची युक्ती अशी. गोरेगावच्या आठवडी बाजारात गेली की ती एसटीडी बूथच्या काचेच्या डबीतून विकासला फोन करायची. त्या खेपेला तो आईला म्हणाला, "याडी, होळीला जमणार न्हाई. एका बाळ ताऱ्यावर काम करून राहिलो. आत्ताच जन्मलाय."

"कधी?"

"एक कोटी वर्षं झाली असतील."

"आन् तू त्याला बाळ म्हणतो?"

"ताऱ्याच्या हिशोबानं रांगतं बी न्हाई अजून!" विकास हसला. "त्याच्या भवती धुळीची ताटली फिरती. आपल्या डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडात तिचा फोटो घ्यावा लागतो. तो उजेड आपली हवा खाली येऊच देत न्हाई. म्हणून दुर्बीणच हवेच्या वर, आभाळात सोडलीय. फोटो पाठवतो तुला."

मिराबाईच्या डोक्यात मात्र एकच शब्द बसला : बाळ! तांड्यात बाळ जन्मलं की होळीला त्याची धुंड करायची. गेरिये, म्हणजे होळी खेळणारे गडी, काठ्या वाजवत गाणी म्हणणार, घरचे गोड जेवण घालणार, आणि ज्याचं लेकरू तो माणूस हजर पाहिजेच पाहिजे. हा तारा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्याला सांभाळून कोण राहिलंय? विकास! मग धुंडीला यायचं कोणी?

फोटो पोस्टाने आला. ती तो घेऊन नायकाकडे गेली. भोवती धुरकट उजेड आणि मधोमध काळा गोल!

"तोंड कुठं हाय ह्याचं?" नायकाने विचारलं.

"तीट लावलीय. नजर लागू नये म्हणून."

"एवढी मोठी? लेकरूच बुजलं की!"

"सरकारी तीट हाय. मोठीच असणार!"

"बराबर. पण मिराबाई, कोटी वर्षांच्या लेकराची धुंड?"

"एवढ्या वर्षांत कोणी केली का? म्हंजी राहिलीच की न्हाई?"

जेवणात गुळाची लापशी आहे हे कळल्यावर नायकाच्या सगळ्याच शंका फिटल्या.

पण खरा घोटाळा पुढेच झाला. ही बातमी सेनगावच्या जीपमध्ये चढली तेव्हा तीत तारा होता. जीप खचाखच भरली, तारा कुठेतरी बाहेर पडला, आणि सेनगावला उतरलं ते नुसतं विकासचं लेकरू!

दुसऱ्या दिवसापासून बायका झबली-टोपडी घेऊन यायला लागल्या. चूल थंड होईना. मिराबाईने "अगं, तारा हाय तो" असं एकदा म्हणून पाहिलं. "व्हय, लेकरू ताऱ्यावानीच असतं!" म्हणत बाया पुन्हा चहाला बसल्या. मग तिनेही आणखी आधण ठेवलं. इतक्या वर्षांनी घरात माणसांचा आवाज होता. तो खऱ्या बोलण्याने घालवायचा, एवढं तिचं काळीज घट्ट नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या तांड्याचा रतनसिंग तणतणत आला. त्याच्या लेकीचं, निताचं, विकासशी लग्न जवळजवळ ठरलेलं!

"लग्नाच्या आधीच लेकरू? दाखवा कुठं हाय!"

मिराबाईने फोटो पुढे केला. रतनसिंगने तो उलटा केला, सुलटा केला आणि कडाडला, "तोंड काहून झाकलं? कोणावर गेलंय ते कळू नये म्हणून?"

तो तडक गोरेगावला गेला आणि डबीतून विकासला फोन लावला. डबीचं दार बंद होतं, तरी सगळ्या बाजाराला ऐकू गेलं.

होळीच्या दिवशी विकास हजर! केस विस्कटलेले, शर्टाची बटणं वरखाली.

"याडी, काय करून ठेवलंस हे!"

मिराबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "वाळलास."

सगळ्यांना समजावता समजावता विकासचा घसा बसला. "तीट न्हाई ती! मधला तारा लय झगझगीत असतो. तो उघडा ठेवला तर भवतालचं काहीच दिसत न्हाई. म्हणून दुर्बिणीतच त्याच्यापुढं झाकण धरतात."

"आन् झाकल्यावर काय दिसतं?" मिराबाईने विचारलं.

"धूळ. त्याच्या भवती फिरत राहणारी."

धुंड मात्र झालीच. लापशी शिजली होती ना! मिराबाई फोटो मांडीवर घेऊन बसली, गेरियांनी काठ्या वाजवल्या, आणि रतनसिंगने राग गिळला तो लापशीबरोबरच.

दुसऱ्या दिवशी विकास निघाला. "पुढच्या होळीला नक्की येतो, याडी!" एसटीच्या खिडकीतून तो म्हणाला. त्याचं नक्की किती नक्की असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

घर पुन्हा गप्प झालं. ते गप्पपण तिला सोसवेना. भिंतीवर, पुण्याला निघतानाचा विकासचा फोटो होता. नेहमीप्रमाणे तो काढून ती त्याचा चेहरा बघत बसली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिने त्या चेहऱ्यावर अंगठा धरला.

आणि भोवतालचं दिसलं. कडेला एक बाई उभी होती, तोंडाला पदर लावून, पाय धुळीने भरलेले. ती स्वतःच! इतकी वर्षं ती हा फोटो रोज बघत होती, आणि आपण त्यात आहोत हे तिला कधी दिसलंच नव्हतं. मिराबाईच्या डोळ्यांना धार लागली.

पदराने डोळे पुसून तिने पुन्हा पाहिलं. त्या बाईच्या मागे ढवळी उभी होती. आणि ढवळीच्या तोंडात अर्धं आत, अर्धं बाहेर असं गुलाबी पागोटं होतं!

"मिराबाई, हायस का?" दारातून नायकाचा आवाज आला. "पोरगा गेला, करमत नसंल. म्हटलं बसावं जरा. तो फोटो कोणाचा? बघू!"

मिराबाईने चटकन काजळाच्या डबीत बोट बुडवलं.

नायकाने फोटो डोळ्यांजवळ नेला. "ही एवढी मोठी तीट कोणाला गं?"

"शेळीला," मिराबाई म्हणाली. "लवकर नजर लागती तिला. बसा ना, चहा टाकते."